एल्कची पहिली धनुष्य-शिकार: गाडीजवळ मुक्काम की पाठीवर तंबू?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात सप्टेंबरमध्ये एल्कचे, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणाचे, नर माजावर येतात आणि पहाटे त्यांची शीळ दरीभर घुमते. नवख्याला वाटतं, खरी शिकार आत, रस्त्यापासून आठ किलोमीटरवरच. पाठीवर तंबू घेऊन गेलात तर एल्कच्या शेजारीच झोपता, पहाटेची चाल वाचते, माणसांची वर्दळ कमी. हे खरंच आहे.

पण प्रदेश अनोळखी असेल तर मी गाडीजवळचाच मुक्काम सुचवेन. नकाशावर निवडलेली दरी रिकामी निघू शकते. ताजी लेंडी नाही, चिखलात लोळल्याच्या खुणा नाहीत, तर दुसऱ्या दिवशी गाडी काढून दुसरी दरी गाठता येते. आत तळ ठोकलेला माणूस मात्र त्याच रिकाम्या दरीत अडकून पडतो. शिवाय तीन हजार मीटरवरची विरळ हवा पहिले दोन-तीन दिवस दम काढते.

आणि मांस! मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस नव्वद किलोच्या आसपास भरतं. एकट्याने पाच किलोमीटर वाहायचं तर चारदा ओझं घेऊन बाहेर आणि मध्ये तीनदा रिकाम्या पाठीने परत आत, म्हणजे ३५ किलोमीटर. सप्टेंबरच्या दुपारी ऊन असतं, उशीर झाला तर मांस खराब होतं. जनावर मारून त्याचं मांस वाया घालवणं मला तरी मुळीच पटत नाही.

दोघं-तिघं सोबत असतील आणि दरी आधी पायाखालून गेलेली असेल, तर मात्र खुशाल आत जा.