म्हाताऱ्या मांजराचं शेवटचं दुखणं: घरची सलाईन, ॲडमिट, इंजेक्शन की 'आपोआप जाऊ दे'?

आमच्या घरातली दोन मांजरं किडनीच्या दुखण्यानं गेली. छबी २०१९ च्या ऑगस्टमध्ये, आपली आपण. तात्या, म्हणजे आमचा सोळा वर्षांचा बोका, गेल्या मार्गशीर्षात डॉक्टरांच्या इंजेक्शननं. आजार एक, घर एक, सेवा करणारी माणसं तीच, पण दोन शेवट इतके वेगळे झाले की, ज्यांच्या कॉटखाली आत्ता असं मांजर बसलंय आणि घरात दोन तट पडलेत, त्यांना ते सांगावंसं वाटतं.

माझा कौल आधीच सांगून टाकते. 'आपोआप जाऊ दे' ही वाट माझ्या लेखी शेवटच्या नंबरची. ती आपण ठरवून धरत नाही, काहीच न ठरवल्यामुळं ती धरली जाते.

आधी खात्री करा, हे म्हातारपणच आहे ना

बोका मातीच्या डब्यात सारखा जाऊन बसतोय, जोर करतोय आणि थेंब पडत नाही, तर ते म्हातारपण नव्हे. लघवी अडकलीये. त्याच दिवशी दवाखाना गाठा, एक-दोन दिवसांत जीव जातो. एकाएकी भिंतीला धडकायला लागलं तर बहुतेकदा ब्लडप्रेशर वाढून दिसेनासं झालेलं असतं, त्यावर गोळी आहे. वखवखल्यासारखं खाऊनही वाळत चाललं असेल तर थायरॉईड तपासा. मान छातीवर पडून वर उचलत नसेल तर पोटॅशियम कमी झालेलं असू शकतं. यातल्या प्रत्येकावर इलाज आहे. 'सोडवू या' हा विषय त्यानंतरचा.

आणि एक, माणसाची औषधं नकोत. ताप वाटला म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते.

घरची सलाईन आणि ॲडमिट

किडनीचं मांजर पाणी पितं खूप, पण अंगात टिकवू शकत नाही. म्हणून कातडीखाली आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट नावाची सलाईन, द्यायची. डॉक्टरांनी दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा माझा हात थरथरला, दहाव्यांदा काही वाटेना. आमची बाटली कालनिर्णयाच्या खिळ्याला लटकायची. आधी ती कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवायची, चार थेंब मनगटावर सोडून बघायचे. दोन्ही खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत वर उचलली की तंबूसारखी पोकळी होते, सुई तिथं. दर वेळी नवी. शंभर मिली जायला पाच-दहा मिनिटं. खांद्यावर लिंबाएवढा फुगा येतो आणि तो हळूहळू पुढच्या पायाकडं उतरतो. पहिल्यांदा मी घाबरून डॉक्टरांना फोन केला होता, ते हसले. किती मिली आणि किती दिवसांनी, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं. हृदय कमजोर असेल तर तेच पाणी छातीत भरतं. झोपलेल्या मांजराचा श्वास मोजा, मिनिटाला तिसाच्या वर जायला लागला तर सलाईन थांबवून फोन करा.

तात्याला यावर सात महिने मिळाले, आणि ते चांगले होते. गच्चीवर ऊन खायचं, दूधवाल्याला जिन्यात गाठायचं, शेजारच्या मांजरावर गुरकावायचं.

त्याच्या जेवणावरून घरात रोज वाद. मटण शिजवताना पहिलं जे अळणी निघतं ते आजाऱ्याला चांगलं, हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. पण आपल्या अळणीत कांदा असतो, आलं-लसूण असतं, आणि कांदा-लसूण मांजराचं रक्त खराब करतात. तेव्हा त्याच्या वाटणीचे दोन तुकडे नुसत्या पाण्यात वेगळे उकडा. किडनीचं खास खाणं मिळतं, महाग असतं, आणि मांजर खाईल तरच त्याचा उपयोग. शेवटच्या आठवड्यांत मी पथ्य सोडलं. उपाशी राहण्यापेक्षा चार घास बरे, कारण दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर लिव्हरही बसायला लागतं, लठ्ठ मांजराचं जास्तच. भूक लागायची आणि उलटी थांबायची औषधं आहेत, ती मागून घ्या. आम्हाला कुणी आपणहून सांगितली नाहीत.

ॲडमिट करणं वेगळ्या कामाचं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, रक्ताच्या रिपोर्टात पाचच्या वर गेला की किडनीच्या आजाराची चौथी, म्हणजे शेवटची पायरी धरतात. पण अंगातलं पाणी आटलेल्या मांजराचा आकडा खऱ्यापेक्षा फुगलेला येतो. एकाच रिपोर्टवर जीव सोडू नका. दोन-तीन दिवस शिरेतून सलाईन द्यायची आणि परत रक्त तपासायचं. आकडा खाली आला आणि मांजर स्वतःहून खायला लागलं, तर घरी आणून पुढचे महिने घरची सलाईन. नाही आला, तर तेही एक उत्तरच. म्हणून ॲडमिट करताना मुदत घालून करा, तीन दिवस म्हणजे तीन दिवस. आम्ही छबीच्या वेळी 'अजून एक दिवस' करत पाच दिवस तिला पिंजऱ्यात ठेवलं. एका रात्री सुई निघाली होती, सकाळपर्यंत तिथं कुणाला पत्ता नव्हता.

हा प्रश्न विचारूनच घ्या: रात्री माणूस जागा असतो का? आपला कोल्हापूर म्हशींचा जिल्हा. गोकुळमुळं दूध संस्थेच्या गावात जनावरांचा डॉक्टर पोचतो, पण त्याचा हात म्हशीला सरावलेला. मांजराच्या पायातली सुतासारखी शीर शोधणं ही निराळी कसरत. शहरात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने आहेत, त्यात मांजरांची सवय असलेला डॉक्टर शोधा. मोठ्या तपासण्यांसाठी लोक शिरवळचं पशुवैद्यकीय कॉलेज नाहीतर पुणं धरतात, म्हणजे १८० ते २३० किलोमीटर. तरणं मांजर असेल तर जा. सोळा वर्षांच्या जिवाला पिंजऱ्यात घालून चार तास हायवेवर, माझ्यानं झालं नसतं. पावसाळ्यात तर पंचगंगा बाहेर आली की शिरोलीजवळ हायवेच बंद पडतो, २०१९ आणि २०२१ ला पडला होता.

'आपोआप' आणि इंजेक्शन

छबी गेली ती त्या २०१९ च्याच पुरात. आम्ही राजारामपुरीत कोरडे होतो, पण डॉक्टर पाण्यापलीकडं. पुढं बरीच वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, पूर होता म्हणून काही करता आलं नाही. पूर खराच होता. पण पूर येण्याआधीचे आठ दिवस कोरडे होते, आणि त्या आठ दिवसांत तिनं काही खाल्लं नव्हतं.

'झोपेत जाईल' असं आपण म्हणतो. किडनीचं मांजर सहसा झोपेत जात नाही. तोंडात फोड येतात, श्वासाला लघवीसारखा वास येतो, मळमळतं, शेवटी झटके येऊ शकतात. छबीनं दोन रात्री घेतल्या. दुसऱ्या रात्री ती न्हाणीत थंड फरशीवर जाऊन पडली, उचलून आणलं तरी परत तिथंच. मांजर मरायला घराबाहेर जातं म्हणतात, त्यात गूढ काही नाही. अंगात त्राण उरलं नाही की ते लपतं, इतकंच.

तात्याच्या वेळी आई आडवी आली. "मांजर मारल्याचं पाप कुठं फेडशील? काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतंय." मी म्हटलं, "आई, छबीच्या दोन रात्री आठव." ती गप्प झाली, मग म्हणाली, "डॉक्टरास्नी घरी बोलीव. मी धरतो त्याला." कायद्याचंही कुणी विचारतं. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे तो जनावराचे हाल करण्याविरुद्ध. असाध्य दुखण्यात नोंदणी असलेल्या डॉक्टरनं भूल देऊन सोडवलं तर ते हाल नव्हेत. डॉक्टर संमतीच्या कागदावर सही घेतात.

दिवस कसा ठरवायचा

अमेरिकेतल्या ॲलिस व्हिलालोबोस या पशुवैद्य बाईंनी २००४ मध्ये एक पट्टी मांडली. वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण. बेरीज ३५ च्या वर असेल तर सेवा चालू ठेवायला हरकत नाही. पट्टी चांगली आहे, भानगड परीक्षकांची. आईनं ४४ दिले, भावानं २६. म्हणून प्रत्येकानं दुसऱ्याला न दाखवता लिहायचं, आणि दर रविवारी. आकड्यापेक्षा उतार बघायचा.

वेदनेचे गुण द्यायला चेहरा वाचावा लागतो. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या लोकांनी २०१९ मध्ये त्यासाठी पाच खुणा पक्क्या केल्या: कान बाजूला वळलेले, डोळे आवळलेले, तोंडाचा भाग ताणलेला, मिशा सरळ ताठ, डोकं खांद्यांच्या खाली. प्रत्येकी शून्य ते दोन गुण, दहापैकी चार झाले की वेदनेचं औषध लागतंय असं धरायचं. गुरगुरतंय म्हणजे खुशीत आहे असं समजू नका, मांजर दुखतानाही गुरगुरतं.

मला पट्टीपेक्षा एक घरगुती उपाय जास्त उपयोगी पडला. मांजर बरं असतानाच त्याच्या तीन सवयी कागदावर लिहून ठेवा. तात्याच्या होत्या: दूधवाल्याची घंटा ऐकून जिन्यात जाणं, दुपारचं ऊन, स्वतःचं अंग चाटणं. नोव्हेंबरात जिना सुटला. पंधरा दिवसांनी अंग चाटणं बंद झालं, पाठीवर केसांच्या गुठळ्या धरल्या. ऊन उरलं होतं, म्हणून थांबलो. मग एका दुपारी त्याला उचलून उन्हात ठेवलं, तर तो सरपटत सावलीत गेला. त्या संध्याकाळी फोन केला.

घरी की दवाखान्यात

डॉक्टर येत असतील तर घरी. आधीच विचारून ठेवा, आयत्या वेळी फोन लावत बसू नका. आधी भुलीचं इंजेक्शन देणार ना, हेही स्पष्ट विचारा. नाही म्हणाले तर दुसरे डॉक्टर बघा. भूल दिल्यावर पाच-दहा मिनिटांत मांजर गाढ झोपतं. मग दुसरं इंजेक्शन शिरेत. पाणी आटलेल्या मांजराची शीर सापडत नाही, तेव्हा पोटात देतात आणि दहा-वीस मिनिटं लागू शकतात. तात्याला चौदा लागली. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं होतं, लघवी सुटते. हे आधी माहीत नसेल तर माणूस हादरतो, म्हणून लिहिलं. अंगाखाली जुना टॉवेल घाला. घरात दुसरं मांजर असेल तर त्याला येऊन हुंगू द्या.

पुरायची सोय आदल्या दिवशी करा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी कुणाचं तरी शेत आधीच विचारून ठेवावं. खड्डा निदान तीन फूट, कारण त्या औषधाचा अंश अंगात राहतो आणि कुत्र्यांनी उकरून खाल्लं तर तीही दगावतात. आम्ही भावाला संध्याकाळी सातला सांगितलं. परड्यात हातभर माती आणि खाली सगळा दगड, मोबाईलच्या उजेडात पहारीनं दोन तास लागले. आई टॉवेलात गुंडाळलेला तात्या मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती आणि मधून मधून त्याला सांगत होती, "थांब रं, झालंच."