सरकारी शाळा संस्थेकडे गेल्यावर: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका पालकाचा रिव्ह्यू

शिकवण्याला पाचपैकी चार स्टार, कारभाराला दोन.

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावागावात ज्या मराठी प्राथमिक शाळा निघाल्या त्यातलीच आमच्या वाड्यावरची ही एक, पट कमी म्हणून बंद पडायला आली होती, मग एका संस्थेने चालवायला घेतली. इमारत सरकारची, पगार सरकारी अनुदानातून, कारभार संस्थेचा. अमेरिकेतल्या चार्टर स्कूलसारखंच साधारण. मुलगी माझी तिथे दुसरीत आहे.

आधी एकशिक्षकी होती, पहिली ते चौथी एकाच खोलीत, बाई फळ्याचे भाग पाडून शिकवायच्या आणि त्यांना इलेक्शन ड्युटी लागली की सगळंच ठप्प. आता प्रत्येक वर्गाला बाई आहेत आणि मुख्य म्हणजे केजी सुरू झाली, फी आहे पण झाली, कारण पोरं केजीसाठी एकदा बाहेरच्या शाळेत गेली की पहिलीला परत येतच नव्हती, पट तिथेच गळायचा. अनुदानित झाल्यामुळे बालरथ, म्हणजे मुलांना ने-आण करणारी बस, पण मिळाला. मुलगी रात्री आजीला धडा मोठ्याने वाचून दाखवते, अडली तर बोट ठेवून परत वाचते, बाईंनी तशी सवय लावलीय, याचं मला फार समाधान आहे.

पण हिशेब विचारला की उत्तर नाही. डायरीत 'ऐच्छिक' डेव्हलपमेंट फंडाची चिठ्ठी येते आणि नाही दिला तर परत येते. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, सरकारी शाळेत ती समिती अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवते, अनुदानित शाळेत मात्र फक्त सल्ला देते, म्हणजे आमचा अधिकारच गेला आणि हे आधी कोणी सांगितलं नाही. कराराची प्रत मागितली तर संस्था म्हणते सरकारी ऑफिसात विचारा, ऑफिस म्हणतं संस्थेला विचारा.

मिनेसोटात 1991 ला चार्टरचा पहिला कायदा झाला, तिथे चार्टर म्हणजे मुदतीचा करार, मुलं शिकली नाहीत तर तो रद्द होऊ शकतो. न्यू ऑर्लिन्समध्ये 2005 च्या कतरिना वादळानंतर हळूहळू सगळ्या सरकारी शाळा चार्टर झाल्या, आणि 2024 मध्ये तिथल्या सरकारी शिक्षण मंडळाने (स्कूल डिस्ट्रिक्ट) परत स्वतः चालवायची एक शाळा काढली. आमच्या संस्थेने उद्या हात वर केले तर शाळा कोण चालवणार, ते करारात आहे की नाही एवढंच मला बघायचंय.

तुमच्या गावात असा प्रस्ताव आला तर नको म्हणू नका, पण पालकांच्या मीटिंगमध्ये सही करायच्या आधी करार वाचायला मागा आणि फंडाचं लेखी घ्या. नाही दिलं तर आरटीआय म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 10 रुपये फी आहे. मी टाकलाय.