सेसनात आयपॅड, 8 महिन्यांनंतर

फिनिक्सच्या डीअर व्हॅली विमानतळाहून भाड्याचं सेसना 172 हे छोटं विमान उडवतो, पीपीएल (खासगी पायलटचं लायसन्स) होऊन दीड वर्ष झालं आणि गेले 8 महिने आयपॅड मिनीवर फोरफ्लाइट हे पायलटांचं नकाशाचं अ‍ॅप वापरतोय. इथले आपले दोन-तीन मराठी मित्र विमानात आयपॅड कसा चालतो असं सारखे विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, नुसतं वायफायवालं मॉडेल घेऊ नका, त्यात जीपीएसच नसतं. सिमवाल्यात असतं, आणि सिम न टाकताही चालतं. मी शहाणपणा करून स्वस्तातलं घेतलं, मग जीपीएससाठी वेगळा एडीएस-बी रिसीव्हर (इतर विमानांची जागा आणि हवामानाचे सिग्नल पकडणारी डबी, तिच्यात जीपीएसही असतं) घ्यावा लागला, म्हणजे वाचवलेले गेले वर अजून गेले. पण रिसीव्हर आहे मस्त, आजूबाजूची विमानं नकाशावर दिसतात. फक्त सगळी दिसत नाहीत हे लक्षात ठेवा, ज्यांच्याकडे ट्रान्समीटरच नाही ती कुठून दिसणार, त्यामुळे मान बाहेर वळवावीच लागते. आणि नकाशावर दिसणारा रडारचा पाऊस 15-20 मिनिटं शिळा असू शकतो, त्याच्यावर विसंबून दोन ढगांमधून वाट काढायला जाऊ नका प्लीज.

आता जुलैची गोष्ट. सेडोनाला निघालो, सकाळी 8 लाच 38 डिग्री, आणि मी आयपॅड सक्शन कपने काचेला लावलेला, वर चार्जिंग पण चालू. ब्लॅक कॅन्यन सिटीच्या वर आलो आणि स्क्रीन पण ब्लॅक, नुसती थर्मामीटरची खूण. काढायला गेलो तर बोटांना चटका बसला. चूक माझीच, 35 डिग्रीपर्यंतच वापरा असं कंपनीने लिहिलेलंच आहे. नशीब खाली आय-17 हायवे सरळ उत्तरेला जातो, तो धरून पुढे गेलो, आणि खिशातल्या फोनवर तेच अ‍ॅप उघडलं. फोनची स्क्रीन एवढीशी, हलत्या विमानात रेडिओची फ्रिक्वेन्सी वाचताना डोळे बारीक करावे लागतात, पण वेळ निभावली.

फोन एअरप्लेन मोडवरच ठेवतो. इथे एफसीसीच्या (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाच्या) नियमाने 800 मेगाहर्ट्झवाला सेल्युलर फोन हवेत वापरायलाच बंदी आहे, आणि तसाही वर गेल्यावर तो टॉवर शोधून शोधून बॅटरी खातो. आईला उतरल्यावर मेसेज, चढताना नाही!

पोलराइज्ड गॉगल घातला तर स्क्रीन एका कोनात काळीठिक्कर पडते, त्यामुळे साधा गॉगल घेतला. काचेवरचा सक्शन कप पण बंद, आता नीबोर्डवर, म्हणजे मांडीला पट्ट्याने बांधायच्या पाटीवर असतो आयपॅड, सावलीत राहतो, आणि फॅनचा वारा थोडा त्याच्याकडे वळवतो. तोटा एवढाच की मान सारखी खाली जाते.

कागदी फिनिक्स सेक्शनल, म्हणजे या भागाचा पायलटांचा घडीचा नकाशा, अजून बॅगेत आहे. तो 56 दिवसांनी जुना होतो आणि मी तितक्या नियमाने नवा घेत नाही हे कबूल. परवा बायको बरोबर होती, तिला ऊन लागत होतं, तिने जुना सेक्शनल उलगडला आणि सरळ तिच्या बाजूच्या खिडकीला लावला. प्रेस्कॉटला जाऊन परत येईपर्यंत आयपॅड एकदाही तापला नाही.