‘सायकल झालेला’ फिल्टर घेतला आणि 7,940 रुपये पाण्यात गेले

मी नवखा नाही, हे आधीच सांगतो. आठ वर्षं मासे पाळलेत. जुनी टाकी घर बदलताना फुटली, म्हणून दीडशे लिटरची नवीन घेतली. फिल्टर सायकल व्हायला, म्हणजे माशांच्या घाणीतून येणारा जहरी अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढायला, चार ते सहा आठवडे लागतात, हे मला पाठ आहे. तरीही फसलो. पण मे महिना, मुलीला सुट्टी, पोरगी रोज रिकाम्या टाकीसमोर जाऊन बसायची. तुम्ही काय केलं असतं?

जाहिरात होती: ‘सहा महिने चाललेला फिल्टर, आज लावा, आजच मासे सोडा.’ विकणारा शंकरनगर चौकात भेटला आणि मग घरीच आला. फिल्टर 3,800, जिवाणूंच्या दोन बाटल्या 1,300, बसवून पाणी तपासून द्यायचे 500. सगळे यूपीआयने. बिल? “काऊन टेन्शन घेता भाऊ, फोन करा ना कधीपण.”

त्याने झाकण उघडलं तेव्हा आतल्या सिरॅमिक रिंगा, ज्यांवर जिवाणू वाढतात त्या, खडूसारख्या पांढऱ्या होत्या. कोरड्या. मी एक उचलली, तर बोटाला भुकटी लागली, आणि ती मी पँटला पुसली. पँटला! सहा महिने चाललेली रिंग तपकिरी, बुळबुळीत असते, आणि ती टाकीच्या पाण्यात बुडवूनच आणतात. वाळली की जिवाणू मेले. हे मी स्वतः दुसऱ्यांना सांगितलंय. त्यात बाटल्या निघाल्या गाडीच्या डिक्कीतून, भर दुपारी, नागपूरच्या उन्हात. हाताला चटका बसला, तरी डोक्यात उजेड पडला नाही.

मग त्याने नळीत पाणी घेऊन अमोनिया शून्य दाखवला. शून्यच येणार! टाकीत मासा नाही, खाद्य नाही, अमोनिया येणार कुठून? खरी परीक्षा अशी की अमोनिया घालायचा आणि चोवीस तासांनी तो आणि त्याच्यापासून जिवाणू बनवतात ते नायट्राइट (तेही जहरीच), दोन्ही शून्यावर आलेत का ते पाहायचं. पुढच्या वेळी विकणाऱ्यासमोर हेच करा, पळून जाईल.

2,340 रुपयांचे चौदा मासे सोडले. तिसऱ्या दिवशी सगळे वर येऊन तोंड उघडत होते. पाणी तपासलं तर नळी गडद हिरवी, म्हणजे अमोनिया भरपूर. उन्हाळ्यात पाणी तापलेलं, म्हणजे प्राणवायू कमी आणि अमोनिया जास्त जहरी. रोज अर्धं पाणी बदलूनही अकरा गेले. त्याने मला ब्लॉक केलं होतं.

पोलीस ठाण्यात हवालदार हसले. “मासे मेले म्हणून तक्रार?” मग म्हणाले, पैसे मोबाइलवरून गेले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, माणूस घरी आला होता ना, मग ठाण्यात जा. दोन चकरा, पेट्रोल वेगळं. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक तक्रारीच्या फोनवर पहिला प्रश्न, बिल आहे का? चार ठिकाणी तीच कहाणी सांगितली, एकानेही कागदावर घेतली नाही. त्याच्या गाडीचा नंबर तेवढा मी टिपायला हवा होता. तुम्ही टिपा. बिलाशिवाय एक रुपया देऊ नका. ओळखीच्या कुणाची निरोगी चालती टाकी असेल, तर तिथल्या फिल्टरचा मळका स्पंज मागा, जिवाणू त्यातच असतात. तो फुकट मिळतो.

उरलेले तीन मासे शेजाऱ्यांच्या टाकीत आहेत. रिंगा फेकल्या नाहीत, 3,800 च्या आहेत. कोळंबीचा तुकडा टाकून (तो सडला की अमोनिया येतो) पहिल्यापासून सुरुवात केलीय. आज अठरावा दिवस, नायट्राइट आत्ता कुठे दिसायला लागलंय.