डीडी फ्री डिश: एका छत्रीवर तीन खोल्यांत टीव्ही, काय घ्यावं आणि काय टाळावं

कवेलूवर जुना दांड्यांचा अँटेना अजून उभा असेल तर तो उतरवून घ्या. दूरदर्शनचं जमिनीवरून येणारं ॲनालॉग प्रक्षेपण 2022 पर्यंत जवळपास सगळीकडे बंद झालं, आणि त्या अँटेन्याच्या चपट्या वायरीतून छत्रीचा सिग्नल आणता येत नाही. महिन्याचा रिचार्ज न भरता टीव्ही पाहायचा असेल तर बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या खेड्यांत भरवशाचा पर्याय डीडी फ्री डिशचाच. डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावानं ही सेवा सुरू झाली. आज ती 93.5 अंश पूर्वेवरच्या जीसॅट-15 उपग्रहावरून येते. सह्याद्री वाहिनी, आकाशवाणीची केंद्रं आणि शाळकरी मुलांसाठी पीएम ई-विद्याच्या इयत्तावार वाहिन्या फुकट मिळतात. खासगी वाहिन्या मात्र लिलावानुसार येतात-जातात, त्यामुळे एखाद्या मालिकेच्या भरवशावर सेट घेऊ नका.

एका टीव्हीपुरता हा सेट उत्तम आहे, यात आम्हाला शंका नाही. खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या खोलीत होते. तालुक्याच्या दुकानात मिळणारा तयार सेट म्हणजे 60 सेंटिमीटरची छत्री, एका तोंडाचा एलएनबी (छत्रीसमोर बसणारा, सिग्नल पकडणारा डबा), बॉक्स आणि दहा-पंधरा मीटर केबल. तेवढ्यावर तीन खोल्या नीट चालत नाहीत.

आधी छत्रीची जागा. नागपुरातून हा उपग्रह आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं सुमारे 145 अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे 60 अंश उंच दिसतो. बुलढाण्याकडे दिशा 138 च्या आसपास आणि उंची 59 अंश. गडचिरोलीत उंची 62 च्या जवळ जाते. उपग्रह इतका उंच असल्यानं मोठी सोय होते: छत्री घरावर चढवायची गरज नाही. आग्नेयेला तीन मीटर उंचीची भिंत असली तरी तिच्यापासून दोन मीटर अंतरावर, अंगणात किंवा सांदवाडीत सिमेंटच्या ओट्यावर छत्री बसते. चिंच किंवा कडुनिंब छत्रीपेक्षा सहा मीटर उंच असेल तर फांद्यांच्या टोकापासून साडेतीन-चार मीटर मोकळे ठेवा. जमिनीवर काम सोपं होतं, कवेलू फुटत नाही, आणि वानरांनी छत्रीला लोंबकळून कोन बिघडवला तरी शिडीविना सुधारता येतो. फक्त गुरांचा धक्का लागणार नाही अशी जागा पाहा. जुन्या अँटेन्याच्या उंच, बारीक पाइपावर मात्र छत्री बसवू नका. या छत्रीची नजर जेमतेम तीन अंशांची असते, त्यामुळे वाऱ्यानं पाइप थोडा डोलला तरी चित्राचे चौकोन होतात.

छत्री पाहताना ती 60 अंशांवर वर बघतेय असं वाटणार नाही. ऑफसेट बनावटीमुळे, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असल्यानं, ती बरीच उभी दिसते आणि तरीही बरोबर असते. बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या दिसतात. स्ट्रेंग्थची पट्टी एलएनबीला वीज मिळाली की भरते, तिच्यावरून काही कळत नाही. क्वालिटीची पट्टी वाढेल तसं हळूहळू फिरवा. आधी डावी-उजवी दिशा, मग उंची, आणि शेवटी एलएनबी स्वतःभोवती सुमारे 30 अंश तिरपा करून जास्तीत जास्त क्वालिटी मिळवा. एकाहून जास्त खोल्या चालवायच्या असतील तर हा तिरपेपणा सोडू नका, कारण एका केबलच्या दोन करणाऱ्या स्प्लिटरनं कमी होणारा सिग्नल इथंच भरून काढता येतो. क्वालिटीची पट्टी भरूनही फ्री डिशच्या वाहिन्या येत नसतील तर शेजारचा 95 अंशांवरचा उपग्रह पकडला गेलाय असं समजा.

आता स्प्लिटर. सगळ्यात जास्त घरं इथंच फसतात. छत्रीवर 11090 किंवा 11470 मेगाहर्ट्झवर आलेला सिग्नल एलएनबी 9750 मेगाहर्ट्झनं खाली उतरवतो, म्हणून केबलमधून तो 1340 किंवा 1720 मेगाहर्ट्झवर धावतो. केबल टीव्हीच्या जमान्यातला स्वस्त स्प्लिटर 1000 पर्यंतचाच असतो. त्यातून काही वाहिन्या येतात, काही येत नाहीत, आणि दोष बॉक्सवर जातो. स्प्लिटरच्या अंगावर 5-2400 मेगाहर्ट्झ छापलेलं असेल तरच घ्या. दुसरं म्हणजे पॉवर पास. एलएनबीला वीज बॉक्सकडूनच केबलमधून जाते. एकाच तोंडातून वीज जाऊ देणारा स्प्लिटर लावला तर बैठकीतल्या बॉक्सचं बटण बंद केलं की आतल्या खोलीतलं चित्र जातं. तक्रार येते ती ‘आतला बॉक्स खराब आहे’ अशी, आणि धडधाकट बॉक्स बदलला जातो. दोन्ही तोंडांवर पॉवर पास असलेला, आत डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) बसवलेला घ्या. किमतीत फारसा फरक पडत नाही.

एका एलएनबीवर एवढं जमतं त्यालाही कारण आहे. फ्री डिशच्या वाहिन्या व्हर्टिकल ध्रुवणावर, म्हणजे उभ्या कंप पावणाऱ्या लहरींवर, आणि फ्रिक्वेन्सीच्या खालच्या पट्ट्यात आहेत, त्यामुळे सगळ्या बॉक्सना एलएनबीकडून एकच गोष्ट हवी असते: 13 व्होल्ट. पण एका खोलीत कुणी ऑटो स्कॅन लावला आणि बॉक्सनं 18 व्होल्ट सोडले, तर जास्त व्होल्टेज वरचढ ठरतं, एलएनबी हॉरिझाँटलवर (आडव्या ध्रुवणावर) जातो आणि सगळ्या खोल्यांतलं चित्र गायब होतं. स्कॅन संपला की परत येतं. रिचार्जवाल्या कंपनीचा बॉक्स या जोडणीत घुसवू नका, त्यांना बहुधा दोन्ही ध्रुवणं लागतात.

दोन खोल्यांना स्प्लिटर पुरतो, त्यात चार-पाच डेसिबल जातात. तीन किंवा चार खोल्या असतील तर स्प्लिटरच्या मागे न लागता चार तोंडांचा क्वाड एलएनबी घ्या आणि प्रत्येक खोलीला छत्रीपासून वेगळी केबल ओढा. केबल जास्त लागते, पण एका खोलीतली गडबड दुसरीत जात नाही. एकाच बॉक्समधून वायर फोडून सगळ्या टीव्हींवर चित्र न्यायचा उपायही काही मेकॅनिक सुचवतात. मग सगळ्यांना एकच वाहिनी पाहावी लागते आणि रिमोटसाठी उठून बैठकीत यावं लागतं. वेगळा बॉक्स घेणंच बरं. नव्या टीव्हीला मागं स्क्रूचं सॉकेट आणि छत्रीचा सिग्नल थेट वाचणारा डीव्हीबी-एस2 ट्यूनर असेल तर बॉक्स न लावताही चालतं. त्याच्या सेटिंगमध्ये एलएनबी पॉवर चालू करायला मात्र विसरू नका.

केबल आरजी-6 च घ्या, 75 ओहमची. या फ्रिक्वेन्सीला तिच्यात दर 20 मीटरला पाच-सहा डेसिबल जातात, बारीक आरजी-59 मध्ये त्याहून बरेच जास्त. छत्रीपासून दूरच्या खोलीला मधली तार शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादी तारेत व्होल्टेज पडतं आणि 13 व्होल्टचे अकराच्या खाली गेले तर एलएनबी बंद-चालू होऊ लागतो. चुंबक लावून पाहिलं की फरक लगेच कळतो. बाहेरचं आवरण काळं असू द्या, पांढरं आपल्या मे महिन्याच्या उन्हात लवकर तडकतं.

केबलच्या टोकाला स्क्रूची पिन लावताना बॉक्सचा प्लग काढलेला हवा. केबलमधल्या तारांच्या जाळीचा एक केस मधल्या तारेला टेकला तरी एलएनबीची वीज शॉर्ट होते आणि बॉक्सचा तो भाग जळू शकतो. बाहेरचं आवरण सोला, जाळी मागं दुमडा, पांढरं इन्सुलेशन पिनेच्या आतल्या तळाला भिडेल एवढं ठेवा आणि मधली तार पिनेच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर येऊ द्या. फिरवून बसवायची पिन घरात चालते, छत्रीवर मात्र दाबून बसवायचीच हवी. तिच्यावर रबर टेप ताणून गुंडाळा. पावसाळ्यात पहिल्याच आठवड्यात सिग्नल गेला तर बहुतेक वेळा इथंच पाणी शिरलेलं असतं: पिन उघडली की जाळी हिरवी-काळी दिसते. तेवढा तुकडा कापून नवीन पिन लावा. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी वळशावरून टपकेल, भोकातून आत येणार नाही.

मृगाच्या आधीच्या विजांसाठी छत्रीचा पाइप जाड तारेनं जमिनीत ठोकलेल्या अर्थिंगच्या सळईला जोडा, घराच्या न्यूट्रलला नाही. ढग गडगडू लागले की बॉक्सचा प्लग आणि केबल दोन्ही काढा. नुसतं बटण बंद करून बॉक्स वाचत नाही.

दोन गोष्टी बिघाड समजू नका. धो-धो पावसात पाच-दहा मिनिटं चित्र जाणारच. आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास व ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास थोडा वेळ सिग्नल पडतो, कारण तेव्हा सूर्य उपग्रहाच्या बरोब्बर मागे येतो. त्याच वेळी छत्रीपाशी जाऊन पाहा: छत्रीवर झाडाची सावली पडली असेल तर तीच फांदी वर्षभर सिग्नल अडवते, ती छाटून घ्या.