ब्रश नवे पाहिले आणि मोटर नवी समजलो

मी तीस वर्षे कापड प्रक्रिया कारखान्यांत विद्युत देखभालीचे काम केले आहे. छपाई यंत्रांच्या आणि स्टेंटरच्या (ओले कापड ताणून वाळवणाऱ्या यंत्राच्या) डीसी मोटरींचे कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे, शेकड्यांनी बदलले, ते ब्रश ज्यावर टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा कॉम्युटेटर घासून घासून बोटे काळी करून घेतली, आणि तरीही गेल्या पावसाळ्यात कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील एका दुकानदाराने मला गाडीच्या स्टिअरिंग मोटरचे ब्रशच दाखवून साडेनऊ हजार रुपयांना फसवले. हे लिहिताना संकोच वाटतो. पण ज्याला ब्रशमधले काहीच कळत नाही त्याच्यापेक्षा थोडेफार कळणारा माणूस अशा दुकानात लवकर सापडतो, असे माझ्या लक्षात आले आहे आणि तेवढ्यासाठीच हा अनुभव सविस्तर सांगतो.

आमची छोटी गाडी अकरा वर्षांची आहे. भांडुपला आमच्या इमारतीच्या आवारात ती दोन खांबांच्या मध्ये लावावी लागते आणि त्यासाठी उभ्या उभ्या तीन-चार वेळा स्टिअरिंग पूर्ण फिरवावे लागते. जूनच्या शेवटी असेच गाडी लावत असताना स्टिअरिंग एकाएकी जड झाले आणि समोरच्या पट्टीवर ईपीएसचा, म्हणजे मोटरच्या मदतीने हलके होणाऱ्या स्टिअरिंगचा, दिवा लागला. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले की दिवा जाई, दोन दिवसांनी पुन्हा येई. अशा वेळी गाडी वळायची थांबत नाही, कारण स्टिअरिंगचा दांडा चाकांना यांत्रिक रीतीने जोडलेलाच असतो. फक्त मोटरची मदत जाते आणि हळू चालणाऱ्या गाडीत ती गेली की माझ्या बायकोसारख्या संधिवाताच्या माणसाला वळण घेणे अशक्य होते.

बॅटरीचे व्होल्टेज, फ्यूज आणि अर्थिंगचा बोल्ट मी स्वतः तपासला, कारण बॅटरी उतरली तरी नेमकी हीच लक्षणे दिसतात. तिन्ही ठीक होते. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने स्कॅनर लावला, तर दोष मोटरच्या सर्किटमध्ये निघाला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारले तेव्हा मोटर सुटी मिळत नाही, कॉलमचा, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचा, संपूर्ण संच बदलावा लागेल आणि खर्च एक्केचाळीस हजार येईल असे सांगण्यात आले. दोन बोल्टांवर बसलेली मोटर सुटी मिळत नाही, हे ऐकून माझ्यातला देखभालवाला दुखावला आणि मी कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारात जायचे ठरवले.

मोटर मी आणि मेकॅनिकने मिळून उतरवली. उतरवण्यापूर्वी जुन्या सवयीने मी तिच्या फ्लँजवर, म्हणजे बोल्ट बसतात त्या कडेवर, सेंटर पंचने दोन ठिपके मारले, म्हणजे पुन्हा बसवताना दिशा चुकत नाही. मग ती कापडी पिशवीत घालून लोकलने कुर्ल्याला नेली.

दुकानदार मोठा बोलका होता. त्याने माझी मोटर हातात घेतली, दांडा फिरवून पाहिला आणि आतून एक पांढरे खोके आणले. खोक्यावर परदेशी वाटणारे नाव होते. उत्पादकाचा पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत यांपैकी काहीही नव्हते. वेष्टनबंद मालावर हे सर्व छापलेले असायला हवे, असे वैधमापनाचे 2011 चे नियम सांगतात आणि मला ते ठाऊकही होते. पण माझे लक्ष खोक्याकडे नव्हते. आतली मोटर चंदेरी, झगझगीत होती. मी ती उलटसुलट करून पाहत असताना तो म्हणाला, "काका, तुम्ही लाइनमधलेच दिसता. तुम्हाला काय सांगायचं? थांबा, कार्बनच बघून घ्या."

त्याने दोन स्क्रू काढून मागचे झाकण ब्रशच्या पट्टीसकट उचलले. चारही ब्रश पूर्ण लांबीचे, धारदार कडांचे, पेन्सिलच्या शिशासारखे मऊ काळे होते. मी नखाने एक कड खरवडली, तर नखाला काळी पूड लागली. मला मनापासून आनंद झाला. मग त्याने एका तारेच्या आकड्याने चारही ब्रश मागे दाबून धरले आणि झाकण एका झटक्यात बसवले. कारखान्यातून बंद होऊन आलेली नवी मोटर कोणी गिऱ्हाईकापुढे उघडत नाही आणि इतक्या सफाईने बसवणाऱ्या हाताने ती पूर्वी अनेकदा उघडलेली असते, हे तेव्हाच सुचायला हवे होते.

आनंद का झाला, तेही सांगायला हवे. आमच्या कारखान्यातल्या मोठ्या डीसी मोटरींना इलेक्ट्रोग्राफाइटचे, म्हणजे प्रचंड उष्णतेत भाजलेल्या कार्बनचे, ब्रश असत. ते काळे आणि कॉम्युटेटरला सांभाळून घेणारे. त्या मोटरी तासन् तास एकाच दिशेने फिरत, ब्रशखाली कॉम्युटेटरवर चॉकलेटी रंगाची पातळ साय धरे, आणि ती साय नीट दिसली की आम्ही निर्धास्त असू. शेकडो व्होल्टच्या त्या मोटरीत प्रत्येक ब्रशच्या टोकाशी एखादा व्होल्ट गेला तरी कोणाच्या खिसगणतीत नसे. काळा, मऊ, नवा ब्रश म्हणजे उत्तम ब्रश हे समीकरण माझ्या डोक्यात तिथेच पक्के झाले, आणि बारा व्होल्टच्या स्टिअरिंग मोटरीकडे मी तेच समीकरण घेऊन गेलो.

दुकानदाराने साडेअकरा हजार सांगितले, जुनी मोटर दिल्यास साडेनऊ. पक्के बिल हवे असेल तर कर वेगळा पडेल म्हणाला, म्हणून मी एका चिठ्ठीवर समाधान मानले. तिच्यावर "मोटर 1 नग" एवढेच लिहिलेले होते. साडेसात हजार रोख दिले आणि उरलेले दोन हजार मोबाइलवरून ज्या क्रमांकावर पाठवले, त्यावर नाव तिसऱ्याच कोणाचे तरी आले. सहा महिन्यांची हमी तोंडी मिळाली.

पहिले दहा दिवस बरे गेले. त्यानंतर वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येईनासे झाले, ते हाताने परत आणावे लागे. पुढे वळवताना हाताला बारीक करकर जाणवू लागली. तेविसाव्या दिवशी सायनला भर पावसात, पाणी साचलेल्या गल्लीतून गाडी मागे घेत असताना डॅशबोर्डखालून जळका वास आला, दिवा लागला आणि मदत कायमची गेली.

लालबागला एक जुने रिवाइंडिंगवाले, म्हणजे जळलेल्या मोटरींची तार पुन्हा गुंडाळून देणारे, आहेत. आमच्या कारखान्याचे काम त्यांच्याकडे जायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांनी मोटर उघडण्यापूर्वीच ती उजेडाकडे धरून मला विचारले, "स्क्रूच्या खाचेत रंग कसा आला हो?" मोटरच्या न उघडलेल्या स्क्रूंच्या खाचांमध्ये चंदेरी रंग भरलेला होता, वायरच्या रबरी बुचाच्या कडेलाही त्याचा ओघळ होता, आणि जिथे मूळ क्रमांक असतो तिथे रंगाखाली कानसने घासल्याच्या रेघा दिसत होत्या. मोटर कुठल्यातरी मोडीत निघालेल्या गाडीची होती. नवे म्हणावे असे तिच्यात फक्त ब्रश होते.

ते ब्रश मास्तरांनी काढून जुन्या वर्तमानपत्रावर ठेवले. एकाच्या बाजूंवर तिरक्या बारीक ओरखड्यांची जाळी होती. हा माल हातयंत्राचा आहे, असे मास्तर म्हणाले. ड्रिल किंवा ग्राइंडरचा मोठा ब्रश कानसने घासून या खाचेत बसवला होता. हाताने घासल्यामुळे त्याच्या समोरासमोरच्या बाजू समांतर राहिल्या नव्हत्या, आणि तापल्यावर तो खाचेत पाचरीसारखा अडकला. अडकलेल्या ब्रशला स्प्रिंग पुढे ढकलू शकत नाही, म्हणून कॉम्युटेटर आणि ब्रश यांच्यात फट पडून ठिणगी उडू लागते. हाताला जाणवणारी करकर तीच होती. कॉम्युटेटरच्या दोन पट्ट्यांवर खोल खड्डे पडले होते.

मग मास्तरांनी त्याच जातीच्या एका भंगार मोटरीतला मूळ ब्रश शोधून आणला. वरून तोही काळपटच दिसत होता. पण कानसचा एकच हात मारला आणि आतून तांब्याची लालसर चकाकी बाहेर आली. दोन्ही तुकडे घासून सारख्या मापाचे केले आणि गाळ्याशेजारच्या सोनाराच्या काट्यावर ठेवले: काळा 1.1 ग्रॅम, तांब्याचा 2.9 ग्रॅम. हे वजन मी दुकानात नुसते तळहातावर घेतले असते, तरी मला कळले असते.

या मोटरीच्या ब्रशमध्ये तांब्याची पूड आणि ग्राफाइट एकत्र दाबून भाजलेले असते, आणि त्याला सबळ कारण आहे. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना ही मोटर तीस अँपिअर आणि त्याहूनही अधिक प्रवाह ओढते. साध्या कार्बनच्या ब्रशवर टोकाशी सुमारे एक व्होल्ट पडतो. आत जाताना एक आणि बाहेर पडताना एक, म्हणजे बारातले दोन व्होल्ट वाटेतच गेले. तीस अँपिअर गुणिले दोन व्होल्ट म्हणजे साठ वॅट उष्णता, तीही मुठीएवढ्या बंद डब्यात. तांबेयुक्त ब्रशवर ही घट अर्ध्या व्होल्टच्याही आत राहते. शिवाय चाके कडेला अडली की मोटर जागच्या जागी थबकते आणि सगळा प्रवाह त्याच एक-दोन पट्ट्यांमधून जात राहतो. ती चॉकलेटी साय धरायला लागणारे अखंड फिरणे या मोटरीच्या नशिबी नसते. ती थोडी इकडे, थोडी तिकडे अशीच जगते.

मग तांबे जितके जास्त तितके चांगले का, असे मी विचारले. मास्तर म्हणाले, तसेही नाही. स्टार्टरच्या ब्रशमध्ये तांबे भरपूर असते, पण स्टार्टर काही सेकंदच फिरतो, त्याच्या आवाजाची आणि घर्षणाची कोणी पर्वा करत नाही. स्टिअरिंगच्या मोटरीचे घर्षण मात्र थेट चालवणाऱ्याच्या हातात पोहोचते. स्प्रिंग फार ताठ ठेवली तर स्टिअरिंग मध्यावर परतत नाही, फार ढिली ठेवली तर खड्ड्यात ब्रश उडतो आणि ठिणगी पडते. माझ्या मोटरीतल्या स्प्रिंगा निळसर पडून मऊ झाल्या होत्या, कारण ब्रशला जोडलेली तांब्याची विणलेली शेपटी नीट दाबून न बसवता वरवर चिकटवली होती. ती सैल झाल्यावर प्रवाहाने स्प्रिंगमधूनच वाट काढली.

मास्तरांनी कॉम्युटेटर लेथवर घेतला, पट्ट्यांमधल्या खाचा साफ केल्या, योग्य प्रतीचे ब्रश आणि स्प्रिंगा घातल्या, आणि अठ्ठावीसशे रुपये घेतले. माझ्या मूळ मोटरीचे फक्त ब्रश संपले असणार, ती हजार-बाराशेत झाली असती, असे ते म्हणाले, आणि ती कुठे आहे, असेही त्यांनी विचारले. मला उत्तर द्यायला जड गेले.

ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन केला, तर पहिला प्रश्न बिलाचा आला. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही, पण माझ्या चिठ्ठीवर दुकानाचे नावच नव्हते. तरीही मी जळलेले काळे ब्रश पुडीत बांधून त्या दुकानात गेलो. दुकानदाराने मला ओळखले नाही, किंवा ओळख दाखवली नाही. काउंटरवर एक तरुण टॅक्सीवाला उभा होता आणि त्याच्या पुढ्यात पांढऱ्या खोक्यातून काढलेली चंदेरी मोटर होती. मी ती उचलून फ्लँज पाहिली. रंगाच्या थराखाली माझे दोन ठिपके स्पष्ट दिसत होते.

"दादा, घेण्याआधी स्क्रूच्या खाचा बघा, आणि एक ब्रश काढून कानसने घासायला सांगा," मी त्या तरुणाला म्हणालो. त्याने मोबाइलचा दिवा लावला. दुकानदाराने मोटर माझ्या हातातून घेतली, खोक्यात घातली आणि ती दुसऱ्या गिऱ्हाईकाची आहे, विकायची नाही, असे सांगून आत नेऊन ठेवली.