कादंबरी: आधी आखावी की लिहिता लिहिता सुचू द्यावी?

विषय डोक्यात घोळतोय, पण आधी सगळं आखून घ्यावं की सरळ लिहायला बसावं हे ठरत नाही. याचं उत्तर बहुतेक जण स्वभावात शोधतात: शिस्तीचा माणूस आखतो, मनस्वी माणूस लिहीत सुटतो. मला ते फारसं पटत नाही. आधी कादंबरी कसली आहे ते बघा.

रहस्यकथा असेल तर खुनी कोण हे पहिल्या प्रकरणाआधी ठाऊक हवं, नाहीतर सुगावे पेरणार कसे? ऐतिहासिक कादंबरीत शेवट आयताच मिळतो. पानिपतावर 14 जानेवारी 1761 ला काय झालं ते बदलता येत नाही. ठरवायचं ते एवढंच, की कुणाच्या नजरेतून आणि कुठून सुरुवात करायची. तीन पिढ्यांची गोष्ट असेल तर निदान वयांचा तक्ता करा. आजीचं लग्न आणि नातवाचं वय जुळलं नाही की वाचक लगेच पकडतो.

एकाच माणसाच्या तोंडून येणारी कादंबरी मात्र आखणीला फारशी दाद देत नाही. न आखता लिहिणारे इथे हटकून 'कोसला'चा दाखला देतात, कारण नेमाड्यांनी ती 1963 मध्ये पंधरवड्यात लिहून काढली. खरं आहे, पण पांडुरंग सांगवीकरची बोलण्याची तऱ्हाच ती कादंबरी ओढून नेते. तसा निवेदक हाती नसेल तर नुसत्या झपाट्याचा उपयोग नाही.

कष्ट दोन्हीकडे आहेत. न आखणाऱ्याला ते नंतर पडतात: तिसऱ्या प्रकरणातला मामा बाराव्यात बेपत्ता, उपकथानक अर्ध्यावर, म्हणून अख्खा खर्डा पुन्हा. आखणाऱ्याला आधी पडतात, आणि त्याचा धोका मला जास्त मोठा वाटतो. पात्रांच्या कुंडल्या मांडण्यात वर्ष जातं, कादंबरी सुरूच होत नाही. वर आपण काम करतोय असं समाधानही मिळत राहतं!

आराखड्यात न मावणारी गोष्ट म्हणजे निवेदन. दस्तयेवस्कीने सप्टेंबर 1865 मध्ये संपादक कात्कोव्हला पत्र लिहून 'गुन्हा आणि शिक्षा'चं कथानक बरंचसं सांगून टाकलं होतं. तरी नोव्हेंबरअखेर त्याने लिहिलेलं सगळं जाळलं आणि नव्याने सुरुवात केली. आधीच्या खर्ड्यात खून करणारा नायक रास्कोल्निकोव्ह स्वतःच 'मी' म्हणून बोलत होता. छापलेल्या कादंबरीत निवेदन तृतीयपुरुषी आहे. खून आणि कबुली जागच्या जागी राहिली, सांगणारा बदलला.

म्हणून पहिलीच कादंबरी असेल, तीही नोकरी सांभाळून, तर चाळीसेक पानं काहीही न आखता लिहा. कोण बोलतंय ते तेवढ्यात कळतं. मग थांबून शेवट आणि मधले चार-पाच टप्पे ठरवा, आणि ती पानं पुन्हा लिहावी लागतील हे गृहीत धरा. रहस्यकथेत मात्र हा क्रम उलटा करा.